रॅक कापलं की कॉफी टेबल

मी गोंदियाला मास्तर म्हणून निघालो तेव्हा तुम्हीच लेको म्हणत होते, बोअर होशील. चार महिने झाले, बोअर व्हायला वेळच भेटला नाही! आमच्या शाळेत किस्से व्हरांड्यातल्या चिखलासारखे साचतात. एक झाडून टाकला की मधल्या सुट्टीत दुसरा हजर. आज फक्त टेबलाचे सांगतो.

आधी एवढं ऐका. शाळा नवीन आहे, नागऱ्याच्या रस्त्यावर. मॅट्रिकच्या वर्गाला अजून सरकारी मान्यता नाही. इन्स्पेक्टरनं येऊन 'हो' म्हटलं तर पोरं परीक्षेला बसणार. 'नाही' म्हटलं तर पोरं घरी, मास्तर घरी, अन मी परत नागपूरला तुमच्या उरावर.

*

तर हेडमास्तरांना बातमी लागली की इन्स्पेक्टर चहा घेत नाहीत, कॉफी घेतात. दुसरा कोणी असता तर कॉफी आणली असती. आमच्या हेडमास्तरांनी मीटिंग घेतली.

"मोठ्या लोकांकडे कॉफीसाठी वेगळं टेबल असतं. मी स्वतः पाहिलं आहे. आपल्याकडे नाही. ही मोठी उणीव आहे."

गणिताचे बिसेन मास्तर इथलेच, धानाच्या शेतीवाले. त्यांनी शांतपणे विचारलं, "चहाचं टेबल हाये का आपल्याकडं?"

"नाही."

"मंग इतके दिवस चहा कसा पेलो जी आपण?"

हेडमास्तर म्हणाले, "पुढचा विषय."

*

पुढचा विषय लाकूड. शाळेत सागवानाची एकच वस्तू होती, पुस्तकांचं रॅक. उंच, चार खणांचं, कोणीतरी दान दिलेलं. हेडमास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं जसं खाटीक बकऱ्याकडे पाहतो.

"खालचा एक खण ठेवायचा, वरचं कापायचं. झालं टेबल."

मी नवीन माणूस. तरी धीर केला. "सर, मग पुस्तकं?"

"पुस्तकं जमिनीवर राहतात. इन्स्पेक्टर जमिनीवर राहत नाही."

पुस्तकं सतरंजीवर गेली. आमचं अख्खं ग्रंथालय. कोणी हळहळलं नाही, कारण कोणी वाचतच नव्हतं.

*

सुतार आला कामठ्याहून, डोमाजी. जन्मभर बैलगाड्या केल्या त्यानं. कॉफी टेबल त्याच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नव्हतं. त्यानं सरळ विचारलं, "उंची किती ठेवू?"

हेडमास्तर तेव्हा व्हरांड्यात मांडी घालून डबा खात होते. तोंडात घास. डावा हात समोर धरून म्हणाले, "एवढी."

डोमाजीनं सुतळी काढली, जमिनीपासून हातापर्यंत मोजली, गाठ मारली, निघून गेला.

दोन दिवसांनी टेबल तयार. पॉलिश असं की तोंड दिसावं. अन उंची नडगीपर्यंत! बिसेन मास्तर समोर खुर्चीत बसले, दोन्ही पाय त्याच्यावर ठेवले. "पाय ठेवाले मस्त झालं."

हेडमास्तर भडकले. "डोमाजी, हे काय केलंस?"

"तुमी हात दाखवला, मी मोजला."

"अरे, मी खाली बसलो होतो!"

"मंग साहेबालेही खालीच बसवा ना जी."

*

आता टेबल उंच करायचं. लाकूड? उरलेलं लाकूड सुताराचं, हा इकडचा रिवाज. ते डोमाजीच्या बैलगाडीला लागूनही गेलं होतं.

"मग दुसरं लाकूड आण अन पाय लावून दे."

"लावतो ना. धान कापून झालं की येतो."

"किती दिवस?"

"धान ठरवन."

कापणीच्या दिवसांत इथं माणूस नवरदेव असला तरी आधी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात जातो. इन्स्पेक्टर पाच दिवसांवर होते. हेडमास्तरांचं जेवण कमी झालं. शाळा त्यांनी दारोदार फिरून उभी केलेली, हे खरं आहे. पण माणूस घाबरला की कशाला घाबरावं हे विसरतो. मी म्हटलं, "सर, रजिस्टर पाहून घ्यायचं का?" ते म्हणाले, "आधी कॉफी आण."

*

कॉफी आणायला मी बाजारात गेलो. किराणावाला माझ्याकडे काळजीनं पाहत म्हणाला, "कॉफी? घर में किसको बुखार है, मास्टरजी?"

"बुखार नाही. पाहुणे येऊन राहिले."

"तो चाय पिलाओ ना. पाहुने भी खुश, आप भी."

*

तो दिवस उजाडला. मी शाळेत गेलो तर टेबल बरोबर गुडघ्याएवढं उंच! वरून पांढरी चादर, जमिनीपर्यंत. हेडमास्तर त्याच्याभोवती नवरीच्या बापासारखे फिरत होते. चपराशी तुळशीराम बाजूला घाम पुसत होता.

मी चादर उचलून पाहिली. चारी कोपऱ्यांखाली पुस्तकांच्या चार थप्प्या.

"इटा नाही भेटल्या," तुळशीराम म्हणाला. "सारखी जाडी पाहून पाहून लावली. रातभर बसलो."

"उत्तम," हेडमास्तर म्हणाले. "चादर सोड."

इन्स्पेक्टर आले. बारीक माणूस, बोलणं कमी. वर्ग पाहिले, फळे पाहिले, खुर्चीत बसले. कॉफीचा एक घोट घेतला अन कप टेबलावर ठेवला. टेबल हललं नाही. हेडमास्तरांचा श्वास मला ऐकू आला.

"ग्रंथालयाचं रजिस्टर."

मी दिलं. त्यांनी पानं चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं. वनस्पतिशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ.

"हे दाखवा."

हेडमास्तर म्हणाले, "ते... बाहेर दिलेलं आहे साहेब. वाचायला."

"कोणाला?"

हेडमास्तरांनी बिसेन मास्तरांकडे पाहिलं. बिसेन मास्तरांनी छताकडे पाहिलं.

तुळशीराम दारातून पुढे आला. "बाहेर कायले जाईन साहेब. तुमच्या उजव्या गुडघ्यापाशी हाये. वरून तिसरं."

इन्स्पेक्टरांनी कप उचलला अन हेडमास्तरांच्या हातात दिला. चादर वर केली, वाकून बराच वेळ पाहिलं. मग रजिस्टर पुन्हा उघडलं.

"भूगोलाचा नकाशासंग्रह?"

"डावीकडं मांगं. सगळ्यात खाली."

"इंग्रजी व्याकरण?"

"त्याच्यावर दोन सोडून."

इन्स्पेक्टरांनी खिशातून पेन काढलं, तिथेच टेबलावर कागद ठेवून लिहिलं, अन जाताना तो कागद माझ्या हातात दिला. हेडमास्तर अजून कप धरूनच उभे होते, म्हणून मी मोठ्यानं वाचलं:

"मान्यता एक वर्षापुरती. अट एकच. ग्रंथालय आजपासून तुळशीरामच्या ताब्यात राहील."