बझरवहिनी आणि पाचवा प्रश्न

लॉन्ड्रीच्या काउंटरवर कपडे घेणाऱ्या बाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. मालक, इस्त्रीवाले, गिऱ्हाइकं, सगळे त्यांना बझरवहिनी म्हणत. कुणी शाईचा डाग दाखवून "चहा सांडला हो" असं म्हणालं, की वहिनींच्या तोंडून लगेच "टँऽऽ" असा आवाज निघे, टीव्हीवर चुकीच्या उत्तराला येतो तसा. गिऱ्हाईक ओशाळं होऊन खरं काय सांडलं ते सांगे. पहिल्यांदा मालकांना वाटलं होतं की या बाई गिऱ्हाइकं पळवून लावणार. पण लोक उलट डाग दाखवायला मुद्दाम त्यांच्यापाशीच येऊ लागले.

टीव्हीवरच्या खेळांवर वहिनींचा भारी जीव. मालिका त्यांना अजिबात चालत नसत. "एक थोबाडीत मारायला तीन भाग लावतात," असं त्यांचं म्हणणं. खेळात कसं, प्रश्न आला की उत्तर आलं पाहिजे, नाहीतर चालते व्हा. पण नव्या खेळांनी हा शिरस्ताही बिघडवला होता. पूर्वी माणूस यायचा, आपलं गाव आणि धंदा सांगायचा आणि खेळायला बसायचा. आता आधी त्याचं घर दाखवतात, मग त्याची आई रडते, तिला बघून सूत्रसंचालक रडतो, मग जाहिराती, आणि त्यानंतर कुठे पहिला प्रश्न, तोही शेंबड्या पोराला यावा असा. उत्तर दिल्यावर ते बरोबर की चूक हे सांगायलाही ढोल बडवत ताटकळत ठेवतात. दाढीला साबण लावून न्हाव्याने जेवायला निघून जावं, तसं वहिनींना ते वाटे.

बंद पडलेले जुने खेळ हल्ली पुन्हा सुरू व्हायचे, तेव्हा तर त्या डोळ्यांत तेल घालून बघत. "कापड तेच आहे, स्टार्च जास्त झालाय," हा त्यांचा ठरलेला शेरा. तरी बाई एकांगी नव्हत्या. कोड्यांचा एक जुना खेळ नव्याने आला, तेव्हा त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं की हा पहिल्यापेक्षा चांगला आहे. जुन्यात बायकांना फक्त स्वयंपाकाचे प्रश्न विचारत, आणि तेव्हा त्याचं कुणाला, खुद्द वहिनींनाही, काही वाटलं नव्हतं.

या सगळ्यांत त्यांचा लाडका म्हणजे "ओळखा आपलं माणूस". त्यांच्या लग्नाच्या सुमारास तो लागायचा. नवरा-बायकोला पाठीला पाठ लावून बसवायचं, दोघांच्या हातात पाटी आणि खडू द्यायचा, आणि दोघांपैकी एकाबद्दल पाच प्रश्न विचारायचे. दोन्ही पाट्यांवर एकच उत्तर आलं की गुण. पुढे तो बंद पडला. यंदा तो परत सुरू झाला, दर रविवारी संध्याकाळी, आणि वहिनींनी घरासाठी लगेच दोन पाट्या आणल्या. टीव्हीवरच्या जोडीबरोबर आपणही खेळायचं आणि पाट्या वहिनींनी मोठ्याने वाचायच्या, असा घरचा नियम ठरला.

त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करत. दिवसभर आत अडकलेल्या लोकांना दाराबाहेरून धीर द्यायचा, मग घरी बोलायला त्यांच्याकडे फारसं शिल्लक राहत नसे. रविवारी ते गुपचूप पाटी मांडीवर घेऊन बायकोच्या पाठीला पाठ लावून बसत. पाचात पाच यायचे. वहिनींची कॉलर ताठ व्हायची.

घोळ झाला तो मुलगा आणि सून आले तेव्हा. दोघं वेगळ्या घरात राहत, पण रविवारची संध्याकाळ ठरलेली असे. सून पाळणाघर चालवायची, हसतमुख होती, आणि वहिनींचं तिच्याशी बरं चाललं होतं. त्या दिवशी वहिनींनी पाट्या त्या दोघांच्या हातात दिल्या. प्रश्न मुलाबद्दलचे होते. पाचात तीन आले. "नापास नाही म्हणणार मी," वहिनी म्हणाल्या, "पण पास म्हणायला जीभ रेटत नाही. अगं, संसार म्हणजे काय अंदाजपंचे दाहोदरसे असतो?" सून हसली, तिने चहाचे कप विसळून ठेवले आणि ती गेली. पुढच्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी पाळणाघराची रंगरंगोटी निघाली. मग कारणं सांगणंही बंद झालं.

शेवटी मुलाचाच फोन आला. "आई, तू तिला नापास केलंस."

"मी खेळाचं बोलले."

"खेळाचं नाही, संसाराचं बोललीस."

वहिनींनी आजवर हार खाऊन फोन ठेवला नव्हता. त्याच आठवड्यात टीव्हीवर जाहिरात आली होती की नव्या जोड्यांची निवड त्यांच्याच गावात होणार आहे. "आम्ही दोघं तिथे जातो," त्या म्हणाल्या. "पाचात पाच आले, तर मी बोलले ते बरोबर होतं असं तिने म्हणायचं. एक जरी कमी पडला तर मी तिची माफी मागेन. सगळ्यांसमोर." फोन ठेवल्यावर त्यांनी यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." दुसरं ते काय म्हणणार?

निवड एका सभागृहात होती. जोड्या सारख्या रंगाचे कपडे घालून आल्या होत्या. काहींनी तर एकमेकांचे फोटो छापलेले शर्ट घातले होते. वहिनींनी ते शर्ट पाहिले आणि पहिल्या धुण्यातच रंग जाणार, असं मनात नोंदवलं. कानात इअरफोन घातलेल्या, कार्यक्रमाच्या एका मुलीने दोघांना खुर्च्यांवर पाठीला पाठ लावून बसवलं. प्रश्न नवऱ्याबद्दल होते. चपलेचा नंबर जुळला. झोपताना कुठली कूस, तेही जुळलं. राग आला की काय करतात, याला दोन्ही पाट्यांवर "भांडी घासतात" असं आलं, तेव्हा ती मुलगीसुद्धा हसली. चौथाही जुळला. वहिनींच्या डोळ्यांपुढे सूनबाई उभी राहिली, मान खाली घालून.

पाचवा प्रश्न आला: टीव्हीवर यांना काय बघायला आवडतं?

इतका सोपा प्रश्न वहिनींना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता, आणि त्यांचा खडू पाटीवर टेकून थांबला. खरं उत्तर त्यांना माहीत होतं. दुसरं काहीतरी लिहावं, असं क्षणभर वाटलंही. पण खरं उत्तर माहीत असताना खोटं लिहिणं म्हणजे खेळाशी बेइमानी. ज्यांनी साध्या शाईच्या डागाला माफी दिली नाही, त्या आता काय माघार घेणार? त्यांनी लिहिलं: "काहीच नाही."

यजमानांची पाटी वळवली गेली. तिच्यावर होतं: "ओळखा आपलं माणूस, हिच्याबरोबर."

"अरेरे, चारच," मुलगी म्हणाली आणि तिने पुढच्या जोडीला बोलावलं.

बसमध्ये दोघं शेजारी बसले. मग यजमानांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्यापासून. जाहिरात लागली की तुमचा चेहरा खुलतो."

"मग मला बसवायचीस कशाला?"

"तुम्ही बसायचात म्हणून. उठला असतात, तर मी काय बांधून ठेवणार होते?"

यजमान खिडकीबाहेर बघत राहिले. एक थांबा गेला. "मी खोटं नव्हतं लिहिलं," ते म्हणाले. "तू पहिले शब्द वाचलेस. पुढचाही वाचायचा होतास."

वहिनींना तो पुढचा शब्द आठवला आणि एकदम लाज वाटली. आनंदही झाला. इतक्या वर्षांच्या नवऱ्यापुढे या दोन्ही गोष्टी एकदम दाखवायची सवय नसल्यामुळे त्यांनी पर्समधून सुट्टे शोधायला सुरुवात केली. तिकीट आधीच काढलेलं होतं.

रविवारी त्यांनी स्वतः फोन करून मुलाला आणि सुनेला बोलावलं. ठरल्याप्रमाणे सगळ्यांसमोर, उभ्या राहून म्हणाल्या, "चार आले. माझं चुकलं. मी माफी मागते." मुलगा इतका गोंधळला की वडिलांना घेऊन इमारतीची लिफ्ट बघायला निघून गेला. लिफ्टला काहीही झालेलं नव्हतं.

"अहो आई, खेळच तो," सून म्हणाली.

"तसं कसं? बोलले होते मी." वहिनी बसल्या. टीव्ही लावायची वेळ होऊन गेली होती आणि कोणी तो लावला नव्हता. "त्या दिवशी तुझे दोन गेले ना. कुठले गं?"

"तेव्हा विचारलं नव्हतंत तुम्ही. नुसते मोजले होते."

"आता विचारते."

सून म्हणाली, "एक होता, नवऱ्याला कशाची भीती वाटते. त्याने लिहिलं, कशाचीच नाही. मी लिहिलं, पालीची."

"पालीची?" वहिनी खरंच चकित झाल्या. "लहानपणी शेपटीला धरून आणायचा मला दाखवायला."

"माहीत आहे मला. त्यानेच सांगितलंय." सून खाली बघून बोलत होती. "मी आधी 'आईंची' असं लिहिलं होतं. मग पुसलं."

जिन्यातून बापलेकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. ते वर येत होते की खाली जात होते, ते कळत नव्हतं. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, परत सोडलं.

"उत्तर बरोबर होतं तुझं," त्या म्हणाल्या.

"पण त्याच्या पाटीवर ते नव्हतं ना."

"तो तरी कसं लिहील?" वहिनी म्हणाल्या. "पाट्या मीच वाचत होते."