आम्ही दोघींनी सोडवलेलं इंजिन

"पंधरा दिवसानं मलकापूरचा भंगारवाला येते. ट्रॅक्टर देऊन टाकू," असं भासऱ्यांनी जेवता जेवता सांगितलं, तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. सासरे वारल्यापासून घराचा कारभार त्यांच्याकडे होता. त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता आणि त्यांच्याशी मी कधी थेट बोललेही नव्हते. सुनेनं काही सांगायचं तर ते सासूच्या तोंडून, अशी आमच्याकडे रीत.

मी सासूबाईंकडे वळून हळू आवाजात म्हटलं, "आत्याबाई, ते इंजिन मेलं नाही. नुसतं जाम झालं. मी सोडवते म्हणा."

सासूबाईंनी ते जसंच्या तसं मोठ्यानं सांगितलं. भासरे हसले. "तिले म्हणा, भाकर करपून राह्यली," असं म्हणून ते हात धुवायला उठले. भाकर करपली नव्हती. मी ती उलटून पाहिली, चांगली पापुद्रा धरलेली होती.

ट्रॅक्टर सासऱ्यांनी एका बागायतदाराकडून जुना घेतलेला. त्यांच्यामागे तो कोणी चालू केला नाही. दोन पावसाळे गोठ्याशेजारी उघड्यावर उभा राहिला. सरळ वर गेलेल्या सायलेन्सरच्या तोंडावर सासऱ्यांनी डबा पालथा घातला होता, तो वाऱ्यानं कधीच उडाला. पाणी कुठून आत गेलं असेल हे मला न उघडताच कळत होतं. माझे वडील मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनवर मिस्त्री होते. आई लवकर गेली, म्हणून शाळा सुटली की मी त्यांच्याजवळच असे. इतर मुली भरतकाम शिकल्या, मी नट-बोल्ट खोलायचे पाने ओळखायला शिकले. लग्न ठरलं तेव्हा ही गोष्ट लपवून ठेवण्यात आली होती.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक आटोपून मी गोठ्याकडे गेले. समोरच्या भोकात इंजिन हातानं फिरवायचं हँडल घालून सगळा भार दिला. हँडल दगडासारखं. मग डिझेल आत फवारणारे चारही नोझल काढले आणि त्या भोकांतून रॉकेल आणि ऑईल एकत्र करून ओतलं. पाच दिवस तेच केलं. सकाळी ओतायचं, संध्याकाळी हँडलला जोर द्यायचा. ते केसभर हललं नाही. पाणी भरून येणाऱ्या बाया वाट वाकडी करून बघायला येत. एक म्हणाली, "बाई, याच्यापेक्षा म्हैस पाळ." मी म्हटलं, "म्हैस नांगर ओढते का?"

नवरा वरवट बकालच्या शाळेत मास्तर होता, पंधरवड्यातून एकदा घरी यायचा. आला, माझी काळी नखं पाहिली आणि खाली मान घालून म्हणाला, "तू काऊन याच्या नादी लागली?"

"मले येते म्हणून," मी म्हटलं.

तो वाईट माणूस नव्हता, पण भावापुढे त्याचा आवाज निघत नसे. सोमवारी पहाटेच्या एसटीनं तो परत गेला.

त्याच सोमवारी भासरे तीन बैलजोड्या आणि साखळदंड घेऊन आले. ट्रॅक्टर गिअरमध्ये टाकायचा आणि बैलांनी ओढायचा, चाकं फिरली की इंजिन झक मारून फिरेल, असा त्यांचा हिशेब. दोन गडी साखळी अडकवू लागले. मी सासूबाईंना शोधलं, त्या अंगणात तूर पाखडत होत्या. तिथे जाऊन सांगून परत येईपर्यंत बैल ओढू लागले असते. मग मी तशीच पुढे झाले आणि ट्रॅक्टरच्या नाकासमोर उभी राहिले.

"भाऊजी, बैल लावू नका. पिस्टन गंजानं धरला आहे. जोर केला तर रॉड वाकंल. मग खरंच भंगार होईल."

गडी थांबले. भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या मागे कुठेतरी पाहिलं. "कोण बोलून राह्यलं हे?" त्यांनी विचारलं.

"मी बोलते," मी म्हटलं.

तेवढ्यात सासूबाई सूप घेऊनच आल्या. त्या सरळ साखळीवर बसल्या, सूप मांडीवर घेतलं आणि तूर पाखडायला लागल्या. "आता हाक बैल," त्या लेकाला म्हणाल्या. "तुझ्या बापानं आणलेली वस्तू आहे. तिले वाटते ती सुटंल, तर सुटू दे. तुले काय घाई?"

"आठ दिवस," भासरे म्हणाले. "भंगारवाला आला की मी कोणाचं ऐकणार नाही."

ते गेल्यावर मला वाटलं, सासूबाई मला रागावतील. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आता काय काय खोलायचं?"

आम्ही दोघींनी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोललं. बोल्ट मी सैल करायची, त्या ओळीनं पाटावर मांडायच्या. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर चांगले होते. तिसऱ्यात मात्र विटेसारखा गंज होता आणि त्याचा पिस्टन मधेच अडकून बसला होता. मी बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून पिस्टनच्या वरचा गंज घासत राहिले. खालच्या चेंबरचं ऑईल काढलं तर आधी लोटाभर पाणीच आलं.

हेडच्या सांध्यात बसणारं गॅस्केट फाटलं होतं. ते पोत्यात घालून मी एकटी मलकापूरला गेले. वडिलांबरोबर काम केलेले एक मुसलमान मिस्त्री स्टेशनकडे दुकान चालवत. मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांनी गॅस्केट उजेडात धरलं आणि विचारलं, "मिस्त्री कोण आहे तुमच्याकडे?"

"मीच."

ते हसले नाहीत. तसंच गॅस्केट शोधून दिलं आणि म्हणाले, "बेटी, लोखंडानं ठोकू नको. बाभळीचा ठोकळा घे, गोल, भोकात बसंल असा. बीचोबीच ठोक. आन् दम धर. गंजाले घाई चालत नाही."

ठोकळा सासूबाईंनी तासून घेतला. दोन दिवस तेल मुरू दिलं. मग मी ठोकळा धरला आणि घण त्यांनी घेतला. साठीच्या बाई, पण आयुष्यभर मुसळ चालवलेले हात होते ते. दहा ठोके, मग तेल. पुन्हा दहा ठोके. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दुपारी ठोक्याचा आवाज बदलला. आधी टणक लागत होता, आता ओला लागला. मी वाकून पाहिलं. पिस्टनच्या कडेला, वरच्या बाजूला, दोऱ्याएवढी नवी काळी रेघ दिसत होती.

"सरकला," मी म्हटलं. सासूबाईंनी आणखी दहा ठोके घातले. तिसरा आणि दुसरा खाली गेला, पहिला आणि चौथा वर आला. मी हँडल घेतलं, थोडं पुढे, थोडं मागे, पुढे, मागे. अंधार पडायच्या आत इंजिनानं एक अख्खा फेरा घेतला.

बॅटरी केव्हाच संपली होती. म्हणून हेड बसवून, डिझेलमधली हवा काढून, मी भासऱ्यांना निरोप न धाडता स्वतः सांगितलं, "आता बैल लागतील. चढावर न्यायचा आहे." जोड्या आल्या. नाल्याकडे जाणाऱ्या उताराच्या डोक्यावर ट्रॅक्टर नेला. कोणी गडी वर बसायला तयार होईना, ब्रेकची खात्री नाही म्हणे. मी कासोटा आवळला आणि चढून बसले. गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि ट्रॅक्टर उतारावर सोडून दिला. अर्ध्या उतारावर क्लच सोडला. ट्रॅक्टरनं गचका खाल्ला, खोकला, पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि धडधडायला लागला. नाल्याच्या काठाशी मी तो वळवला. कसा वळवला, आजही सांगता येणार नाही.

भंगारवाला त्याच दिवशी आला होता. भासरे त्याला म्हणाले, "आता चालू ट्रॅक्टर म्हणून घे." मी इंजिन बंद न करता वरूनच म्हटलं, "विकायचा नाही." सासूबाई म्हणाल्या, "ऐकलं ना?" तो माणूस सायकल घेऊन निघून गेला.

ते इंजिन नव्यासारखं कधी झालं नाही. तिसरा सिलिंडर ऑईल खायचा आणि माझ्यामागे निळा धूर चालायचा. लोक हसायचे, "मास्तरची बायको आली, डोळे झाका." मी त्यांच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधाला लागून, मुद्दाम सावकाश जायची. त्या वर्षी आमची सगळी जमीन मी नांगरली. पाळीच्या चार दिवसांतही नांगरली, आणि त्या दिवसांत बाईचा हात लागला तर वावर नापीक होते म्हणणाऱ्यांच्या शेजारी आमची ज्वारी उभी राहिली. कोणी काही म्हणालं नाही. मी वाट पाहत होते, कोणी म्हणावं म्हणून.