बापूंचे गुडघे मावणार नाहीत अशी गाडी

तेलगावात ईश्वरप्पांचं घर कुणी विचारलं तर लोक सांगतात, गिलावा नसलेलं दुमजली घर. बाहेरून नुसत्या विटा दिसतात, गच्चीच्या कठड्यावर पोती वाळत पडलेली असतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याचं बांधकाम अर्ध्यात अडकलं. आत पाऊल टाकलं की मात्र फरशीत तोंड दिसतं. सागवानी देव्हारा आहे, एसी आहे, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरून लातूरच्या पाहुण्या बायका हात फिरवून बघतात. गिलाव्याचं विचारलं तर ईश्वरप्पा म्हणतात, "वाळूच मिळंना बगा." वाळूच्या गाड्या त्यांच्या दुकानासमोरूनच जातात, पण विचारणारा पुढं काही बोलत नाही. बहुतेक वेळा त्याच्याही घराला बाहेरून गिलावा नसतो.

हा चिक्कूपणा नव्हे. चिक्कू माणूस आत एसी लावत नाही. ही भीती आहे, आणि ईश्वरप्पांनी ती जन्मभर नेटानं सांभाळली आहे. सरकी पेंडीचं आणि गोडेतेलाचं त्यांचं दुकान भर चौकात, धंदा उत्तम, पण दुकानावरची पाटी वडिलांच्या काळातली आणि वाचता येऊ नये इतकी उडालेली. नीलम्मांचे दागिने गावातल्या लग्नात कधी निघाले नाहीत. तिथं त्या नुसत्या काळ्या मण्यांच्या पोतीवर जातात. लातूरला माहेरच्या कार्याला निघाल्या, की अंबाजोगाई मागं पडल्यावर पिशवीतून एकेक नग काढून अंगावर चढवतात.

"देव बगतो की वो," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

"देव बगू दे. बापूनं बगू न्हाई म्हंजे झालं."

बापू म्हणजे सुंदरराव. सध्या त्यांच्याकडे कुठलंही पद नाही, पण पद असलेली माणसं त्यांच्या ओसरीवर चपला काढून बसतात. ते कुणावर ओरडत नाहीत, कुणाला धमकावलं असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. त्यांचा फक्त निरोप येतो, आणि निरोप अगदी साधा असतो, की उद्या गाडी लागंल. कधी लग्नाला, कधी सभेला, कधी कुठल्या बैठकीला. गाडी बाजारातल्या कुणा व्यापाऱ्याची, आणि चालवायला त्याच्याच घरचा माणूस, कारण बापूंना परक्या ड्रायव्हरचा भरवसा नाही. डिझेल बापूंचं, जेवण बापूंचं, वर संध्याकाळी पेढ्यांचा पुडा. नाही म्हणायला जागाच ठेवलेली नसते.

बियाणांच्या दुकानवाल्या शिवशंकरची सात जणांची गाडी अशीच एकदा कडा गावी एका बैठकीला गेली. चालवायला त्याचा मुलगा भारत. बैठकीत काय बिनसलं कुणास ठाऊक, दुसऱ्या बाजूचा एक माणूस हातपाय मोडून दवाखान्यात पडला आणि कुणीतरी गाडीचा नंबर पोलिसांना दिला. भारतनं कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं, तो आपला स्टिअरिंगमागं बसून मोबाइल बघत होता. पण गाडी त्याच्या घरची, आणि मागच्या सीटखाली सापडलेला लोखंडी गज आपला नाही हे तो पटवणार तरी कुणाला? आता जामिनावर आहे. दुकानात मागं पोत्यांच्या आडोशाला बसून राहतो, गिऱ्हाईक आलं तरी मान वर करत नाही. ठरलेलं लग्न मोडलं ते मोडलंच. ईश्वरप्पांना भारत दिसला, की त्याच्या जागी आपला लेक योगीराज दिसतो.

तेव्हापासून चौकातल्या व्यापाऱ्यांनी गाडी घेताना मायलेज विचारणं सोडलं. बापू अंगापिंडानं दांडगे, उंची तर दाराला डोकं लागेल अशी. "ज्या गाडीत बापूचे गुडघे मावत न्हाईत ती गाडी आपली," हे ईश्वरप्पांचं मत हळूहळू सगळ्या बाजारानं उचललं. तेलगावचा चौक बघाल तर लहान लहान, एका ठशाच्या गाड्या ओळीनं उभ्या. बाहेरच्या माणसाला वाटावं, किती साधी माणसं आहेत.

अशात ईश्वरप्पांची जुनी व्हॅन धारूरच्या घाटात कायमची बसली, आणि घरात गाडीचा विषय निघाला.

योगीराज पुण्यात काही वर्षं नोकरी करून परत आला होता. आल्यावर त्यानं तेल भरण्याचं मशीन टाकलं, बाटल्यांवर स्वतःच्या नावाचं लेबल लावलं आणि धंदा वाढवला. पोरगं हुशार, कष्टाळू, बोलायला गोड. दोष एकच, त्याला भीती ठाऊक नव्हती. त्यानं संभाजीनगरच्या शोरूममधली एक परदेशी बनावटीची गाडी हेरून ठेवली होती, पुढं जाळीवर चकाकता बिल्ला असलेली. ईश्वरप्पांचं बोट मात्र बीडच्या शोरूममधल्या लहानग्या गाडीवर. तिच्यासारख्या चौकात आधीच पाच-सहा होत्या.

"अप्पा, आपुन कष्टाचं खातो. मग लपवायचं कावून?"

"लपवतंय कोण? मला उतरा-चढायला लहान बरी पडती."

"त्या गाडीत तर हातपाय आखडून बसावं लागंल तुमाला."

"बशीन की."

महिनाभर हेच चाललं. नीलम्मा एकदा लेकाच्या बाजूनं, एकदा नवऱ्याच्या. खरं कारण ईश्वरप्पांनी तोंडातून काढलं नाही. कळलं असतं तर योगीराज तडक बापूंच्या ओसरीवर जाऊन, आमची गाडी मिळणार न्हाई, असं सांगून आला असता, आणि ही धास्ती तर सगळ्यांत मोठी होती. म्हणून हा माणूस कधी मायलेज, कधी पार्किंग, कधी कंबरदुखी पुढं करत राहिला. कंबर त्यांची दुखतच नव्हती.

एका रविवारी योगीराजनं शोरूमच्या माणसाला फोन केला आणि ती गाडी चालवून बघण्यासाठी थेट तेलगावात मागवली. भर बाजाराच्या दिवशी ती पेंडीच्या दुकानासमोर उभी राहिली. बिल्ला उन्हात असा चमकत होता की समोरचा चहावाला गाळणी हातात धरून बघतच राहिला. पोरांनी फोटो काढले. म्हाताऱ्यांनी काचेला नाक लावलं. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अप्पाची वाटतं." ईश्वरप्पा आत गोणीवर बसले होते. फोटो म्हणजे संध्याकाळच्या आत बापूंच्या मोबाइलवर, हे त्यांना न सांगता कळत होतं.

आणि इथंच त्यांनी चूक केली. जन्मभर भीती सांभाळलेल्या माणसालाच अशी चूक सुचते. आपल्या भागात रीत आहे, मोठं काही घ्यायचं झालं तर आधी मोठ्या माणसाच्या कानावर घालायचं, सल्ला विचारायचा. त्याचा मान राहतो आणि आपल्यावरची नजर निवते. ईश्वरप्पांनी हिशेब केला, की बापू काही व्यापाऱ्याला एवढी भारी गाडी घे म्हणणार नाहीत, लहानच घ्या म्हणतील, आणि मग बापूंच्याच शब्दावर पोराचं तोंड बंद करता येईल. पेढे घेऊन ते दुसऱ्या दिवशी सकाळीच बापूंच्या ओसरीवर गेले.

"या अप्पा, बसा. काल लई गर्दी झालती म्हनं तुमच्या दुकानापुडं."

"पोरानं नुसती बगायला मागवलती, बापू. आमचं लहान गाडीचं चाललंय. पर म्हनलं, तुमचा सल्ला घ्यावा. तुमी म्हनाल ती."

बापूंनी पेढा तोंडात टाकला, मोबाइलवरचा फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला.

"लहान कावून घेता? हीच घ्या. लई झ्याक हाय. गावाची शोभा हाय ही." मग ईश्वरप्पांच्या गुडघ्यावर मायेनं हात ठेवला. "आन योगीराज चांगला चालवतो म्हनं गाडी. बगू की मग."

शेवटचं वाक्य बापू सहज बोलले. ईश्वरप्पा चहा तसाच ठेवून उठले. घरी येईपर्यंत त्यांना रस्ता दिसत नव्हता. ज्या पोराचं नाव बापूंच्या तोंडी येऊ नये म्हणून त्यांनी घराला गिलावासुद्धा केला नव्हता, ते नाव आज त्यांनीच पेढ्यांच्या पुड्यासोबत नेऊन दिलं होतं.

त्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी योगीराजला सगळं सांगितलं. भारतच्या केसमागचं, निरोपांचं, गिलाव्याचं, लहान गाड्यांचं. योगीराज ऐकताना हळूहळू खाली बसला. त्याला वाटत होतं बाप जुन्या वळणाचा आहे. बाप घाबरलेला आहे, आणि तो आपल्यासाठी घाबरलेला आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"मग आपुन लहानच घेऊ, अप्पा," तो म्हणाला.

"आता न्हाई घेता येत. बापूनं मोठी सांगितली."

"म्हंजे तुमीच आता..."

"मोठीच घ्यायची."

महिनाभराचं भांडण असं उलटं फिरलं. ज्याला बिल्ला हवा होता त्याला तो आता नकोसा झाला, आणि ज्यानं कंबर दुखत नसताना कंबर धरली होती त्यानंच शोरूमला फोन लावला. बापूंना विचारून त्यांचं न ऐकणं म्हणजे भांडण उकरून काढणं, आणि ऐकणं म्हणजे पोरगं हवाली करणं. दोन्हीकडं विहीर होती. ईश्वरप्पा त्यातली जरा उथळ कोणती तेवढं चाचपत होते.

गाडी आली. हार घातला, बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फोडायला बापूंना बोलावणं भागच होतं. बापू आले, नारळ फोडला, पुढच्या सीटवर बसून पाहिलं. गुडघे आरामात मावले. उतरताना योगीराजच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "सोमवारी तलवाड्याकडं एक काम हाय. आमची तीन मानसं येतील. तू ये घेऊन."

कसलं काम, हे कुणी विचारलं नाही. योगीराजचा चेहरा बघून नीलम्मा आत निघून गेल्या. शिवशंकर गर्दीत मागं उभा होता, त्यानं ईश्वरप्पांकडं एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली.

ईश्वरप्पांना व्हॅन चालवता येत होती, तीही गिअर खडखडवत. ही नवी गाडी क्लच नसलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते योगीराजला म्हणाले, "मला शिकव."

"कावून? मी हाय की."

"म्हनूनच शिकव."

योगीराज आधी नको म्हणाला, मग रागावला, "तुमाला काय झालं म्हंजे?" असंही म्हणाला. ईश्वरप्पा नुसते गाडीच्या दाराशी उभे राहिले. शेवटी कापसाच्या जिनिंगच्या मागच्या मोकळ्या रानात पोरगं बापाला शिकवायला बसलं. डावा पाय सारखा नसलेला क्लच शोधत होता. ब्रेक इतका जोरात दाबला जायचा की दोघंही पुढं फेकले जायचे. एरवी हसून हसून पुरेवाट झाली असती, पण कुणी हसलं नाही. योगीराज प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होता आणि ईश्वरप्पा शाळेतल्या पोरासारखी मान हलवत होते.

सोमवारी त्यांनी अंघोळ केली, लिंगपूजा केली, कपाळाला भस्म लावलं. पट्टे वेडेवाकडे उठले. नीलम्मांनी ते पुसून पुन्हा नीट ओढले आणि स्वयंपाकघरात गेल्या. योगीराजला ईश्वरप्पांनी माडीवरच्या खोलीत बसायला सांगितलं होतं, खाली यायचं नाही या अटीवर. तो ऐकत नव्हता. "तू आलास तर माझं सगळं आयुष्य फुकट गेलं असं समज," असं बाप म्हणाला, तेव्हा तो जिन्याकडं वळला.

बापूंची तीन माणसं चौकातून चालत आली. एकाच्या काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं. त्यानं ते डिकीत टाकलं आणि दार उघडून आत वाकला. स्टिअरिंगमागं ईश्वरप्पा बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काय बे हे? अप्पा, तुमी कावून? पोरगं कुठंय? बापूनं त्याला सांगितलंय."

ईश्वरप्पांनी आयुष्यात बापूंच्या माणसाला कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"ते पुण्याला गेलंय. आता येत न्हाई ते. गाडी माझ्या नावावर हाय, मीच चालवनार."

त्या माणसानं बाकीच्या दोघांकडं पाहिलं, खांदे उडवले, आणि तिघं मागं बसले. दारं लागली. एवढ्या महागाची गाडी, बाहेरचा आवाज आत येईना, ईश्वरप्पांना स्वतःचाच श्वास ऐकू येऊ लागला.

"तलवाड्यात कुठं जायचंय?" त्यांनी विचारलं.

"चला तर. सांगतो."

ईश्वरप्पांनी ब्रेकवरचा पाय हळूच उचलला, लेकानं शिकवलं होतं तसाच, आणि गाडी चौकाकडं सरकली. इतकं भ्यायले ते जन्मात कधी नव्हते. पण मागच्या आरशात तीनच तोंडं होती, आणि त्यांत योगीराजचं नव्हतं.