हिरामण अण्णांचा ब्रेकर

हिरामण अण्णा दारात आलेल्या अनोळखी माणसाला पाणी विचारायचे नाहीत. आधी विचारायचे, "तुमच्यात कोण मेलं?" आलेला माणूस गांगरायचा. मग सांगायचा, कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाचं शाळेतून येणारं लेकरू. तेवढं ऐकून झालं की अण्णा बाजेवर सरकून जागा द्यायचे आणि भिंतीपलीकडून मला हाक मारायचे, "पोरी, च्या टाक. मयताकडचे पाव्हणे हायती." या पाहुण्यांचं काम एकच असायचं. आपल्या गावच्या रस्त्यावर ब्रेकर कसा घालावा, ते त्यांना अण्णांकडून शिकून घ्यायचं असायचं.

कर्नाटकातल्या हुमनाबादकडून येताना हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावाच्या तोंडाशी आमची बौद्ध वस्ती, मग गाव, आणि सगळ्यांच्या शेवटी दौलत मालकांचा बंगला. मालकांची शेती मोठी, डाळीची मिल मोठी, आवाज त्याहून मोठा. पण बाहेर पडायला त्यांना दुसरा रस्ता नाही. आमच्या दारावरूनच जावं लागतं. ज्यानं कुणी हा रस्ता आखला, त्यानं नकळत एक बरं काम करून ठेवलं.

मी उदगीरकडची. लग्न होऊन इथं आले, गावातल्या मराठी शाळेत शिकवायला लागले. अण्णांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्यांची बायको पारूअक्का मला कन्नड शिकवायची आणि माझं कन्नड ऐकून पदर तोंडात धरून हसायची. पाण्याची बोअर रस्त्याच्या पलीकडं होती. एका संध्याकाळी पारूअक्का घागर घेऊन परत येत होती, मी माझ्या दारात होते आणि मालकांची जीप गावाकडं सुसाट निघाली होती. चालवत होते स्वतः मालक. धडक झाली तशी मी धावले. जीप थोडी पुढं जाऊन थांबली. खिडकीतून डोकं बाहेर आलं, मागं वळलं, आम्हाला पाहिलं, आत गेलं आणि जीप निघून गेली. पारूअक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ती बोलत होती. दुसरी गाडी मिळून हुमनाबाद गाठेपर्यंत तिचं बोलणं थांबलं होतं.

गाडी कुणाची ते मी स्वतः ठाण्यात सांगितलं. लिहिणाऱ्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "बाई, अंधार पडला होता, तुम्हाला नीट दिसलं नसेल." अंधार पडला नव्हता. कागदावर अज्ञात वाहन आलं. आमच्या गावात ते वाहन अज्ञात असलेला माणूस शोधून सापडला नसता.

दिवस-कार्य झाल्यावर अण्णा बोलले ते एवढंच, "मारलं त्याचं एक बाजूला ठेव. गाडी हाय, लागती. पण त्यो उतरला न्हाई, पोरी. बघितलं आन् उतरला न्हाई. त्याला हितं उतरिवल्याबिगर मी मरत न्हाई." मी त्यांना समजावलं वगैरे नाही. माझ्या मनात तेच होतं, फक्त त्यांच्याइतकं नीट मांडता आलं नव्हतं.

पंचायतीनं ब्रेकर घालायला नकार दिला, कारण पंचायत मालकांच्या ओसरीवर भरायची. मग अण्णांनी स्वतःच सुरुवात केली. आधी वाळूची पोती आडवी टाकली, ती जीपनं फोडली. मग मुरूम टाकून धुम्मसानं ठोकला, तो पावसात गेला. तेवढ्यात हायवेचं काम निघालं. अण्णांनी रोलरवाल्याशी दोस्ती केली. त्याला ज्वारीची भाकरी आणि ठेचा पोचता करायचे आणि तो पिंपाच्या तळाचं उरलेलं डांबर द्यायचा. एका सकाळी रस्त्यावर काळी पाठ उठलेली गावानं पाहिली. ती उखडायला मालकांनी गडी पाठवले, तेव्हा वस्तीतल्या बायका पोळ्यांची परात घेऊन त्या काळ्या पाठीवरच लाटायला बसल्या. गडी परत गेले. बायकांच्या पोळ्या मात्र त्या दिवशी डांबराच्या वासाच्या झाल्या.

त्या ब्रेकरला अण्णांनी कडेला एक उतार ठेवला होता, सायकल आणि पायी माणूस जाईल एवढा. म्हणायचे, "डोईवरची घागर हालू नये आन् जीपवाल्याचे दात वाजावेत. ह्याला ब्रेकर म्हनत्यात." आणि दर वर्षी पारूअक्काच्या पुण्यतिथीला सकाळी वंदना झाली की ते खडी-डांबराचं घमेलं घेऊन रस्त्यावर यायचे. ब्रेकरवर एक नवा थर. दुसरीकडं लोक अशा दिवशी अन्नदान करतात, आमच्याकडं थर पडायचा. पुढं पुढं सगळी वस्ती त्याला हात लावायला लागली. कुणी खडी आणायचं, कुणी लाकडं. लेकुरवाळ्या बाया लांबूनच एक खडा टाकायच्या.

ब्रेकरनं काय काय केलं ते सांगायला हवं. आमच्या वस्तीपुढं लाल बस कधी थांबायची नाही, गावात जाऊन चढावं लागे. आता बस मंदावायची तेव्हा बाया टपकन चढायच्या. कंडक्टर आधी ओरडला, मग सवयीला लागला, मग स्वतःच "ब्रेकर, ब्रेकर उतरा" म्हणायला लागला. गाड्या मंदावतात म्हणून माझी सासू सीताफळांची पाटी घेऊन बसली. तिच्या शेजारी शेंगा आल्या, शेंगांशेजारी पंक्चरचं दुकान आलं, दुकानाशेजारी च्याचा गाडा आला. जिथं दिवसा कुत्रं थांबत नव्हतं तिथं बाजार भरायला लागला. हे सगळं बघायला गावोगावचे लोक यायचे आणि अण्णांच्या बाजेवर बसायचे. एकदा तर थेट तेलुगू मुलखाच्या हद्दीवरच्या चिंताकीहून माणसं आली, अर्धं तेलुगू अर्धं मराठी बोलत. अण्णा त्यांच्याबरोबर गेले, तिथं राहिले, ब्रेकर घालून आले.

सगळ्यांबरोबर मात्र जायचे नाहीत. एक बागायतदार गाडी घेऊन आला. नेहमीच्या प्रश्नाला म्हणाला, "कोणी मेलं नाही, माझ्या गेटसमोर असावा म्हणून." अण्णांनी त्याला चहासुद्धा दिला नाही. "रागाबिगर ब्रेकर टिकत न्हाई, साहेब. डांबर उनात पगळतंय. राग आसला म्हंजे मानूस फिरून घालतो." तो गेल्यावर एक म्हातारी आली. तिची शेळी टेंपोखाली गेली होती. मला वाटलं, तिलाही वाटेला लावणार. अण्णा उठले, पायात चपला सरकवल्या. "शेळी तर शेळी. राग खरा हाय तिचा," म्हणाले आणि निघाले.

आता तुम्ही कुठल्याही आडगावात जा, रस्त्यावर ब्रेकर दिसतो. देवळापुढं, शाळेपुढं, सरपंचाच्या दारापुढं. त्यातले कितीतरी निव्वळ हौसेचे. अण्णांना त्याचा तिटकारा होता. त्यांचा आनंद वेगळाच होता. मालकांची जीप आली की ते बाजेवर ताठ बसायचे. जीप मंद व्हायची, पुढून वर जायची, मग नाक खाली घालायची. "माझा बा ह्याच्या आज्याच्या घोड्याफुडं चपला हातात धरून उभा ऱ्हायचा. आता ह्याची गाडी माझ्या दारात वाकायलीय. जाताना एकदा, येताना एकदा." हे ते हसत म्हणायचे, पण लगेच जीपच्या बंद दाराकडं बघायचे. कारण गाडी वाकायची, माणूस आतच असायचा.

मालकांच्या लेकीचं लग्न हैदराबादकडं ठरलं तेव्हा सोयऱ्यांची गाडी गावात आली. लांबलचक, पोट जमिनीला टेकलेलं. मालक मानानं पुढच्या सीटवर बसले होते. पारूअक्काचे इतके थर झाले होते की ती गाडी मधोमध चढली आणि बसली. पुढं जाईना, मागं येईना. ड्रायव्हर म्हणाला, सगळे उतरा, वजन कमी झालं तरच निघेल. मागून सोयऱ्यांची म्हातारी उतरली, बायका शालू सावरत उतरल्या. शेवटी पुढचं दार उघडलं आणि दौलत मालक आमच्या वस्तीपुढं रस्त्यावर उतरले.

मालक अण्णांकडं बघून म्हणाले, "हिरामण, ह्ये काय लावलंस रस्त्यात?"

अण्णा बाजेवरून उठले नाहीत. "आज उतरलाव, मालक. त्या दिशी उतरला असताव तर पारू वाचली असती."

म्हातारीनं कान टवकारले. "कौन पारू? क्या हुआ उसकू?"

"मालकाला इचारा, अम्मा. त्यास्नी ठावं हाय," अण्णा म्हणाले.

सासू सीताफळांच्या पाटीवरून उठली, पंक्चरवाला हात पुसत आला, सगळी वस्ती उभी राहिली. म्हातारी मालकांच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मालक गाडीच्या चाकाकडं. मी त्या दिवशी शाळेला सुट्टी टाकली होती याचा मला अजून आनंद होतो. गाडी निघाली, सगळे बसले. लग्न पुढं झालंही. पण म्हातारी जाताना म्हणाली म्हणे, की मांडवात तिला मालकांशेजारची खुर्ची नको.

मी अण्णांना पेढा द्यायला गेले. त्यांनी घेतला नाही. "कामून हो अण्णा? उतरला की त्यो," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं.

"गाडी आडली म्हून उतरला, पोरी. मानूस दिसला म्हून न्हाई उतरला. ह्ये त्यातलं न्हाई."

मालकांनी मग वरून सूत्रं हलवली. खात्याचे लोक आले, थर खरवडले, मापातला बुटका ब्रेकर घातला, त्यावर पांढरे पट्टे मारले, कन्नडमध्ये अपघाताचा फलक लावला. अण्णा फलकापुढं जाऊन उभे राहिले. म्हणाले, "एवढं तरी कबूल केलं, हितं कायतरी झालंय." पुण्यतिथी आली तेव्हा त्यांनी सरकारी पांढऱ्या पट्ट्यांवर थर घातला. घमेलं आता त्यांना उचलत नव्हतं, ते मी धरलं होतं.

त्यानंतर अण्णा फार जगले नाहीत. एका सकाळी उठलेच नाहीत. ज्याला उतरवल्याशिवाय मरणार नव्हते, त्याच्या आधी गेले, याचं मला त्यांच्या जाण्याहून जास्त वाईट वाटलं.

आम्ही तिरडी उचलली आणि रस्त्यावर आलो तेव्हा हायवेकडून मालकांची गाडी आली. आमच्यामुळं रस्ता पूर्ण भरला होता. गाडी थांबली. हॉर्न वाजला नाही. दार उघडलं आणि मालक खाली उतरले. पांढरं धोतर, हातात काही नाही, दोन्ही हात जोडलेले. कुणीतरी माझ्या कानाशी पुटपुटलं, "बघ, आपनहून उतरला." वस्तीतल्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. काही जण बाजूला होऊन त्यांना तिरडीपाशी यायला वाट द्यायला लागले.

माझ्या मनात एकच होतं. हा आत्ता गाडी अडली म्हणून उतरलाय, की माणूस दिसला म्हणून? अण्णांनी विचारलं असतं तेच. ते विचारायला आता ते नव्हते, मी होते. मी खांदेकऱ्यांना म्हटलं, तिरडी कडेला घ्या, सगळे कडेला व्हा. ऐकायला थोडा वेळ लागला, पण लोक सरकले. रस्ता मोकळा झाला.

"मालक," मी म्हटलं, "वाट मोकळी हाय. जायचं आसंल तर जावा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तिरडीकडं पाहिलं, मग मोकळ्या रस्त्याकडं. "न्हाई, तसं न्हवं... मिलवर मानसं येऊन बसल्यात," असं काहीतरी म्हणाले. हात जोडलेले होते ते सुटले. गाडीत बसले. ड्रायव्हरनं गाडी जपून, अगदी अलगद ब्रेकरवरून नेली.

पुष्कळ लोक मला नंतर बोलले. म्हणाले, एवढा मोठा माणूस आपणहून उतरला होता, त्याला उभं राहू द्यायचं होतंस, अण्णांच्या आत्म्याला शांती मिळाली असती. मी म्हणते, उभं राहायला कोण नको म्हणालं होतं? मी फक्त रस्ता दिला.

आणि गाडी दिसेनाशी झाली तेव्हा मला बरं वाटलं. तो थांबला असता तर मला त्याला माफ करावं लागलं असतं.