घरटी एक माणूस

मी गाव सोडलं त्या दिवशी निरोप द्यायला कोणी नव्हतं. उधाणाच्या भरतीने बांधाला खांड पडली होती, खाडीचं पाणी शेतात शिरत होतं आणि सगळं गाव चिखल ओढायला गेलं होतं. थोरली जाऊ तेवढी गुडघाभर चिखलात माखलेली धावत आली. म्हणाली, "जा गो बाय. आज तुझ्या घरचा मानूस कोन मोजत नाय." आणि परत पळाली. मुलगा गाडीत घड्याळ बघत होता.

आमच्या पेणच्या खारपट्टीत खाडीकडच्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. खांड पडली की घरटी एक माणूस जायचा, हा नियम. मालक रोह्याला कंपनीत शिफ्टला, म्हणून आमच्या घरची मी. वर्षानुवर्षं चिखलाचे गोळे हातोहात दिले. त्यात कौतुक काही नाही. पाठ तेव्हाच गेली.

मालक वारल्यावर मुलाने मला लुइझियानात आणलं. अमेरिकेच्या दक्षिणेचं, समुद्राला लागलेलं राज्य. मला वाटलं होतं बर्फ असेल. इथे सपाट जमीन, दमट हवा आणि डास. भाताची खाचरंसुद्धा आहेत. कापणी झाली की त्यांत पाणी ठेवून झिंग्यांसारखं काहीतरी धरतात. चिखलच बघायचा होता तर विमानात पाय कशाला सुजवले, असं मी मुलाला म्हटलं.

मिसिसिपी नावाची मोठी नदी आहे. तिच्या दोन्ही काठांना मैलोन्मैल बांध. पहिल्या वर्षी वादळाचा इशारा आला, तशी मी गॅरेजातलं फावडं घेतलं आणि बांधावर गेले. तिथे चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, मीच पहिली आले. पोलिसाने गाडीत घालून घरी आणून सोडलं. मुलगा सामान भरत होता. म्हणाला, "आई, इथे बांधावर जायचं नसतं. बांध सोडून पळायचं असतं."

शेजारची रूथबाई माझ्याच वयाची, काळी. त्या फावड्यावरून ती आठ दिवस हसली आणि मग रोज येऊन बसायला लागली. ती बोलायची, मुलगा मराठीत सांगायचा. ही जमीन आधी इथल्या मूळ लोकांची. मग फ्रेंच आले, स्पेनवाले आले. शेवटी फ्रेंचांनी ती अमेरिकेला विकली, राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. रूथबाईच्या पूर्वजांना आफ्रिकेतून साखळदंडात आणलं, उसाच्या मळ्यांत राबवलं. नदीचे जुने बांध त्यांच्याच हातचे. त्यांना घरटी एक नव्हतं. घरटी सगळे, आणि घरही दुसऱ्याचं.

बांधामुळे नदीचा गाळ पसरत नाही, म्हणून किनारा खचतो आणि समुद्र आत येतो. समुद्र अडवायला नवा बांध घातला तेव्हा रूथबाईचं जन्मगाव त्याच्या बाहेर, पाण्याच्या बाजूला राहिलं. तिच्या आईचं थडगं आता पाण्यात आहे. मी विचारलं, कोणी ठरवलं हे? ती म्हणाली, "मीटिंग झाली. हात वर करणाऱ्यांत मीही होते. आत पोरंबाळं होती."

गेल्या महिन्यात जाऊबाईचा फोन आला. "खांड मोठी हाय गो. अर्ध्या घरांना कुलपं, मानसंच नाय. सगळी म्हनतात बांध आत ओढू, म्हंजे आखूड होईल. मग तुझा शेताचा तुकडा बाहेर जातो. तुझ्या घरचा मानूस येत असंल तर जुन्या जागेवरच बांधू. येतेस काय?"

मुलगा म्हणाला, मजूर लावू. जाऊबाई म्हणाली, "उधान दर पंधरवड्याला येतं. मजूर ऱ्हाईल काय तुझा आयुष्यभर?" मला घरातला जिना चढताना कठड्याला धरावं लागतं. तरी दोन दिवस मी हो-नाही करत राहिले. तो तुकडा सासऱ्यांनी खाडीतून काढलेला. मालकांनंतर माझ्या नावावर तेवढाच आहे.

तिसऱ्या दिवशी फोन केला. "आत ओढा."

"बाय, तुझी जमीन हाय ती."

"पाठ तुमची हाय. ओढा."

ती म्हणाली, "उद्यापासून लागतो," आणि फोन ठेवला.

गावाहून बाहेर गेलेल्यांनो, तुम्हालाही असा फोन येईल. जमणार नसेल तर लगेच नाही म्हणा. मी दोन दिवस लावले, आणि ते दोन्ही दिवस माझं गाव चिखलात उभं होतं.