आधी ती पेटवा

आमच्या ॲक्शनकाकांच्या तोंडात सिगरेट असली की मावशी निवांत असायची आणि ती विझली की दाराजवळ सरकायची. निजामावर पोलीस ॲक्शन झालं त्या साली जन्मले, म्हणून सगळं गंगापूर त्यांना ॲक्शन म्हणायचं. नावाला जागले हो काका! मी कॉलेजसाठी शहरात गारखेड्याला त्यांच्याकडं राहायला गेले, तर पहिल्याच आठवड्यात त्यांनी जेवणाचं ताट भिंतीवर आपटलं. कारण काय, तर आमटीत मीठ कमी.

काकांना रडता येत नव्हतं. वाईट वाटो, अपमान होवो, भीती वाटो, सगळ्याचा रागच व्हायचा आणि हात खिशाकडं जायचा. सिगरेट ओढून होईपर्यंत ते कुणाला बोट लावत नसत. खिशात नसली, तर समोरच्याचं काही खरं नाही. जालन्याला त्यांचा धाकटा भाऊ वारला, तेव्हा दिवसभर एकीवर एक ओढत राहिले, डोळ्यांत टिपूस नाही. परतताना पाकीट संपलं. करमाडच्या फाट्यावर एका ट्रकवाल्यानं नुसता हॉर्न दिला, तर त्याला खाली ओढून त्याचे दात पाडले. मग रस्त्याच्या कडेला बसले आणि मला म्हणाले, "पोरी, माझा भाऊ गेला गं."

असा माणूस आवडावा तरी कसा? पण मला आवडायचे. स्कूटर त्यांनीच शिकवली मला. मी धडपडले की माझ्यावर नाही, खड्ड्यावर ओरडायचे.

मावशी सिगरेटचं पाकीट कमरेला खोचून वावरायची. काकांचा आवाज चढला की पुढं करायची, "आधी ती पेटवा, मग तुम्ही पेटा." शेजारणी फिदीफिदी हसायच्या. हसायला काय जातंय त्यांचं! मावशीचा डावा कान कायमचा गेला होता, एकदा पाकीट वेळेवर सापडलं नव्हतं म्हणून.

पुढं काकांना खोकला लागला. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, ओढाल तर जाल. काकांनी खरंच सोडली. आम्ही कोण कौतुक केलं! आणि चारच दिवसांत, डब्याला उशीर झाला म्हणून त्यांनी मावशीचा गळा धरला. मी दंडाला कडकडून चावले तेव्हा सुटली ती.

"मी नाय गं, सिगरेट सोडल्यानं होतंय हे," काका घामाघूम होऊन म्हणाले. "एक दे. लवकर दे."

मावशीनं पाकीट काढलं, पण हातातच धरून ठेवलं. "ओढताना हात आवरायचात ना?"

"व्हय."

"मग आवरता येतंय तुम्हाला. इतकी वर्षं येत होतं."

तिनं पाकीट त्यांच्या हातात ठेवलं, दोन साड्या पिशवीत कोंबल्या आणि मला घेऊन माहेरी जायला गंगापूरच्या जीपमध्ये बसली.

महिन्याभरानं काका आले. उंबऱ्याबाहेर उभे, निम्मे झालेले, तोंडात सिगरेट. "चल घरी. परत सुरू केली मी. आता भ्यायचं कारण नाय." किती भाबडेपणानं म्हणाले! मरण पत्करून आले होते आणि एवढंच आणायचं सुचलं त्यांना. मावशी दाराला धरून हमसून हमसून रडली. गेली मात्र नाही.

काका त्याच हिवाळ्यात वारले. मावशी मातीला गेली, ऊर बडवून रडली. तिथं एक बाई बोललीच, "तू संगं ऱ्हायली असतीस तर जगला असता तो."

मावशीनं डोळे पुसले. "ते जगले असते," ती म्हणाली. "मी नाय."