बासच्या दुसऱ्या अ‍ॅम्पचा प्लग

माफ करा मंडळी, हे मी पंधरा दिवसांपूर्वीच लिहायला हवं होतं. रोज फोन हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो... आधी भीती, मग लाज. पण आता गप्प बसलो तर कुणाच्या तरी जिवावर बेतेल, म्हणून लिहितोय.

मी पेणला राहतो आणि हळदी-लग्नांत बास गिटार वाजवतो, हे तुम्हाला माहीत आहे. रोह्याच्या आमच्या मेकॅनिकने माझ्या बासला दोन जॅक काढून दिले. तारांखालच्या, सूर पकडणाऱ्या एका पिकअपचा आवाज डाव्या अ‍ॅम्पला, दुसऱ्याचा उजव्या. डावीकडून जाड, पोटात घुमणारा, उजवीकडून बोटांची टकटकही ऐकू येईल असा... मध्ये उभं राहिलं की आपणच दोघं वाजवतोय असं वाटतं. म्हातारपणी मिळालेलं सुख म्हणा.

अडचण एकच होती. एक अ‍ॅम्प लावला की शांत, दोन्ही लावले की सारखं घूं... कंपनीत हेल्पर असताना वायरिंगची कामं लांबून पाहिली होती, तेवढ्यावर मी उजव्या अ‍ॅम्पच्या थ्री पिनमधली अर्थिंगची वायर सोडून टाकली. आवाज बंद!

मला इतका आनंद झाला की गेल्या गणपतीत वायर कशी सोडली त्याचा व्हिडिओ इथेच ग्रुपवर टाकला. तुम्ही अंगठे दिलेत, मीही फुगलो.

तो उजवा अ‍ॅम्प जुना, नागोठण्याहून घेतलेला. त्यात एकदा पुराचं पाणी शिरलेलं, हेही मला माहीत होतं... उन्हात वाळवला, वाजला, म्हणून विसरलो.

पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी हमरापूरला माझ्या मेहुण्याच्या गणपतीच्या कारखान्यात प्रॅक्टिस होती. साचे नुकतेच धुतलेले, जमीन ओली. चहा आला. डाव्या अ‍ॅम्पवर कीबोर्ड लावून बघायचा होता, म्हणून मी डाव्याची केबल बासमधून काढली आणि बास खुर्चीला टेकवला. उजवी केबल तशीच, अ‍ॅम्प चालू.

पुतणी पल्लवी आमच्यात गाते. एका हातात माईक, पायात चप्पल नाही. बास घसरायला लागला तशी ती पुढे आली, "काका, तुमचं बाळ पडेल हां..." म्हणाली आणि दुसऱ्या हाताने तारांवरूनच तो धरला.

ओरडलीसुद्धा नाही हो. तोंड उघडं, दोन्ही हात आखडलेले. आणि मी कपबशी धरून नुसता उभा. बायको चहाचा ट्रे टाकून धावली आणि तिने मेन स्विच पाडला. "गो पल्लवी... गो पोरी, बोल ना गो!" एवढंच मला ऐकू येत होतं.

वाचली. दवाखान्यात दोन दिवस ठेवली, ईसीजी चांगला आला, तळहात मात्र भाजलाय. दुसऱ्या दिवशी मला बघून म्हणते, "काका, ते घूं बंद करता करता मलाच बंद करत होतात." सगळे हसले. मी बाहेर जाऊन बाकावर बसलो.

मग दोन्ही अ‍ॅम्प आणि बास घेऊन रोह्याला गेलो. मेकॅनिकने नुसता उजवा अ‍ॅम्प लावला आणि तारेला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला... ज्या तारांवर मी रोज बोटं ठेवतो त्या तारांवर. मग त्याने डावा अ‍ॅम्प जोडला. दिवा विझला.

"बघा नाना. उजव्याचा करंट तारांतून या डाव्याच्या अर्थिंगला जात होता, वर्षभर त्यानंच तुमाला सांभाळला. ती केबल निघाली की तुमी उघडे. मला ईचारलात का नाय?"

"आवाज येत होता रे..."

"त्याला डबी हाय ना! मधी एक ट्रान्सफॉर्मरची डबी लावली की घूं जातं. एवढ्याशा डबीपायी मानूस घालवत होतात."

त्याने करंटची गळती काढली, अर्थिंग परत जोडली, उजव्या केबलमध्ये डबी बसवली. घूं गेलं. इतकं सोपं होतं... आणि तेव्हाच मला तो व्हिडिओ आठवला.

घरी येऊन कमेंट उघडल्या. माझं बघून ज्यांनी ज्यांनी वायर सोडली होती, त्या सगळ्यांना फोन केले आणि व्हिडिओ काढून टाकला. सगळ्यांशी बोलणं झालं, एक सोडून. कासूचा बाळाराम. त्याच्याकडेही दोन अ‍ॅम्प आहेत. त्याने लिहिलं होतं, "नाना, तुमच्यासारखंच केलं. एकदम चिडीचूप."

त्याचा फोन बंद लागतो. मी कासूला जाऊन आलो, घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "त्याच्या सुपाऱ्या लागल्यात, हळदीच्या. बायको-पोरांना घेऊन गेलाय. कुठं ते नाय सांगून गेला."

हळदीचं अंगण कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. नवरदेवाला आंघोळ घातलेली, सगळीकडे पाणी, सगळे अनवाणी. माझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाही... तो ओल्यात उभा, आणि गाणं संपलं म्हणून एक केबल काढतोय.

बाळाराम, तू हे वाचत असशील तर बासला हात लावायच्या आधी भिंतीतून दोन्ही प्लग काढ. त्याला ओळखणाऱ्या कुणी वाचलं तर त्याला गाठून सांगा, नाना चुकला म्हणावं. पल्लवीचा आवाज मला परत मिळाला, त्यासाठी मी कुणाचे उपकार मानू... पण बाळारामची खबर येईपर्यंत मला बास हातात घेववत नाही.

"वायर जोडली" एवढंच खाली लिही रे. शिव्या घातल्यास तरी चालतील, पण लवकर कळव.